बाळासाठी पहिला कॅमेरा: आधी घरातला उजेड पाहावा

बारशाच्या दिवशी पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" असे म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हाती देतात, तेव्हा बाळ एका हातातून दुसऱ्या हातात जायला क्षणभरही लागत नाही. माझ्या मुलीच्या बारशाचे साठ-सत्तर फोटो माझ्याकडे आहेत. पाळण्याला लावलेल्या झेंडूच्या माळा त्यांत स्वच्छ दिसतात, मागच्या भिंतीवरचे घड्याळ वाचता येते, आणि बाळ मात्र जवळजवळ प्रत्येक फोटोत पुसटलेले आहे. कॅमेरा नवा होता, चोवीस मेगापिक्सेलचा होता आणि त्यासोबत दोन लेन्सही मिळाल्या होत्या. त्याच किमतीत मी काय घ्यायला हवे होते, हे मला कळले तोपर्यंत मुलगी रांगायला लागली होती. ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत बाळ येणार आहे आणि ज्यांनी कॅमेऱ्यासाठी तीस-चाळीस हजार रुपये बाजूला काढले आहेत, त्यांना ते वेळेवर कळावे म्हणून हे लिहीत आहे.

"कोणता कॅमेरा घेऊ?" असे आपण विचारतो. त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा, आणि तो म्हणजे ज्या खोलीत बाळ दिवसाचे वीस तास असणार आहे, तिथे उजेड किती आहे. बाळाचे पहिले वर्ष घरात जाते, आणि आपली घरे कॅमेऱ्याच्या दृष्टीने आपल्याला वाटतात त्यापेक्षा फार अंधारी असतात.

खोलीतला उजेड आणि कॅमेऱ्याची तीन साधने

उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्या अंगणात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. दिवसा मोठ्या खिडकीजवळ, थेट ऊन येत नसताना, तो हजारभर लक्स असू शकतो, आणि रात्री एका ट्यूबलाइटवर चालणाऱ्या खोलीत तो शंभर-दीडशे लक्सपर्यंत उतरतो. अंगण आणि खोली यांत अशी शेकडो पटींची तफावत असूनही आपल्याला ती जाणवत नाही, कारण आपले डोळे अंधाराशी आपोआप जुळवून घेतात. कॅमेऱ्याला मात्र तो उजेड कुठून तरी गोळा करावाच लागतो.

त्यासाठी त्याच्याकडे तीन साधने असतात. पहिले साधन म्हणजे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतले लहानमोठे होणारे छिद्र. हे छिद्र एफ/१.८, एफ/२.८, एफ/५.६ अशा आकड्यांनी दाखवतात आणि इथे आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे असते. आकड्यांच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड बदलत असल्यामुळे एफ/१.८ चे छिद्र एफ/५.६ पेक्षा नऊपटींहून अधिक उजेड आत घेते. दुसरे साधन शटर स्पीड, म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा तो काळ. तिसरे आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा ते प्रमाण. हे प्रमाण वाढवले की फोटो उजळतो, पण त्यात रवाळ दाणेही दिसू लागतात.

दीडशे लक्सची खोली घ्या आणि आयएसओ १६०० ठेवा. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स झूम करून वापरली की तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे होत नाही, त्यामुळे पुरेसा उजेड गोळा व्हायला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो. बाळाचा हात सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने हलला असे धरले, तर तेवढ्या वेळात तो दीड सेंटिमीटरहून अधिक सरकतो आणि फोटोत त्याची पुसट पट्टी उमटते. त्याच खोलीत, त्याच आयएसओवर, एफ/१.८ ची लेन्स असेल तर सेकंदाचा तीनशेवा भाग पुरतो, आणि हात जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकतो. म्हणजे हात स्वच्छ येतो. माझ्या बारशाच्या फोटोंचे काय चुकले होते, ते या गणितात पूर्णपणे आले आहे.

झोपलेल्या बाळासाठी साधारण १/६० सेकंद पुरतो. जागे होऊन हातपाय हलवणाऱ्या किंवा रांगणाऱ्या बाळासाठी १/२५० धरावा, आणि दुडुदुडु धावायला लागलेल्या मुलासाठी १/५०० लागतो. इथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. लेन्सवर किंवा कॅमेऱ्यावर "स्टॅबिलायझेशन" असे लिहिलेले असते आणि विक्रेता सांगतो की यामुळे फोटो हलणार नाही. ते अर्धेच खरे आहे. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्या बाळाची हालचाल ते थांबवू शकत नाही. त्यामुळेच माझ्या फोटोंत घड्याळ स्वच्छ होते आणि बाळ पुसट.

फोनपेक्षा चांगला, पण कधी?

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला तो संवेदनशील तुकडा, ज्यावर प्रतिमा उमटते. या बजेटमधल्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाच्या मापाचा सेन्सर असतो आणि तो साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर असतो. महाग फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातल्या सेन्सरपेक्षा त्याचे क्षेत्रफळ सुमारे पाचपट भरते, आणि स्वस्त फोनच्या तुलनेत दहापटींहूनही अधिक. पाऊस पडत असताना अंगणात परात ठेवली की वाटीपेक्षा तिच्यात जास्त पाणी साठते, तसाच मोठा सेन्सर अधिक उजेड साठवतो.

पण परातीवर पाऊस किती पडतो, हे लेन्सचे छिद्र ठरवते. चांगल्या फोनच्या मुख्य लेन्सचा आकडा एफ/१.८ च्या आसपास असतो. कॅमेऱ्याचा सेन्सर पाचपट मोठा असला, तरी त्यावर एफ/५.६ ची लेन्स लावली की उजेड नऊपटींहून अधिक घटतो, म्हणजे एकूण हिशेबात कॅमेरा फोनच्या निम्माच उजेड गोळा करतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांची सरमिसळ करतो आणि दाणे पुसून टाकतो. "इतके पैसे घालून कॅमेरा घेतला, तरी घरातले फोटो फोनवरच बरे येतात" ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते, आणि ती करणाऱ्यांचे बहुतेक वेळा काहीच चुकलेले नसते. त्यांनी पैसे कॅमेऱ्याच्या बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, खर्च केले आणि लेन्स फुकट मिळाली तीच वापरली, एवढेच घडलेले असते. त्याच बॉडीवर एफ/१.८ ची लेन्स लावली, तर पाचपटींचा फायदा पूर्णपणे हाती येतो.

म्हणून माझे मत असे आहे की चांगली लेन्स घेण्याइतके पैसे उरणार नसतील, तर कॅमेरा घेऊच नये. हातातला फोन बरा असेल, तर तो खिडकीशी वापरावा आणि पैसे पुढच्या वर्षासाठी ठेवावेत. फोनमधून अगदी जवळ जाऊन चेहरा टिपला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, कारण त्याची मुख्य लेन्स रुंद पट्टा पाहणारी असते. दोन पावले मागे सरकून दुपटीच्या झूमवर फोटो घेतला की चेहरा जसा आहे तसा येतो. पोर्ट्रेट मोडमधला मागचा धूसरपणा गणिताने तयार केलेला असतो, त्यामुळे बाळाच्या जावळाच्या कडा अनेकदा कापल्यासारख्या दिसतात. आजी-आजोबांना रोज पाठवायच्या व्हिडिओंसाठी मात्र फोनच सोयीचा आहे आणि केवळ व्हिडिओसाठी वेगळा कॅमेरा घेण्याची गरज नाही.

लेन्स आधी, बॉडी नंतर

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सला दुकानात किट लेन्स म्हणतात आणि ती बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची असते. ज्या लेन्समध्ये झूम नसते तिला प्राइम लेन्स म्हणतात. झूम नसल्यामुळे ती आतून साधी असते, म्हणून कमी किमतीत मोठे छिद्र देऊ शकते. नव्या पालकांनी एकच वस्तू नवी विकत घ्यायची ठरवली, तर ती वस्तू म्हणजे अशी प्राइम लेन्स असावी.

सगळीकडे सुचवली जाणारी लेन्स म्हणजे पन्नास मिलिमीटरची एफ/१.८. कॅननची एसटीएम मोटर असलेली ही लेन्स २०१५ साली आली. ती हलकी आहे, स्वस्त आहे आणि तिच्यातून निघालेले चेहरे सुरेख असतात. पण घेण्यापूर्वी खोलीचे माप लक्षात घ्यावे. एपीएस-सी सेन्सर पूर्ण फिल्मच्या मापापेक्षा लहान असल्यामुळे त्यावर ही लेन्स पंचाहत्तर-ऐंशी मिलिमीटरच्या लेन्ससारखी वागते. दोन मीटर अंतरावरून तिला आडवी जेमतेम नव्वद सेंटिमीटर जागा दिसते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, जिथे एका भिंतीशी कपाट आणि दुसरीकडे पलंग आहे, तिथे दोन मीटर मागे जायलाही जागा नसते. बाळाचा चेहरा येतो, पण बाळाला पायांवर घेऊन तेल चोळणारी आजी त्यात मावत नाही, आणि पुढे वीस वर्षांनी आपल्याला आजीचे हातही पाहायचे असणार आहेत.

त्यामुळे लहान घरासाठी निकॉन वापरणाऱ्यांनी पस्तीस मिलिमीटर एफ/१.८ ही डीएक्स, म्हणजे एपीएस-सी सेन्सरसाठी बनवलेली, लेन्स घ्यावी असे मी सुचवेन. २००९ पासून ती मिळते आणि तेवढ्याच अंतरावरून तिला सुमारे एक मीटर चौतीस सेंटिमीटर जागा दिसते. कॅननवाल्यांसाठी चोवीस मिलिमीटरची एफ/२.८ ही छोटी चपटी लेन्स आहे. तिला पावणेदोन मीटरहून थोडी अधिक जागा दिसते, मात्र उजेड एफ/१.८ च्या निम्म्याहूनही कमी मिळतो. खोली मोठी असेल किंवा चेहऱ्यांचेच फोटो हवे असतील, तर पन्नासची लेन्स निःशंकपणे घ्यावी. निवड करायला एक सोपा उपाय आहे. कुणाची तरी किट लेन्स मागून आणावी, ती आधी पस्तीसवर आणि मग पन्नासवर ठेवून पाळणा जिथे टांगणार आहात त्या जागेसमोर उभे राहून पाहावे, आणि कोणत्या आकड्यावर आपली पाठ भिंतीला लागते ते लक्षात ठेवावे.

मोठ्या छिद्राची एक किंमतही मोजावी लागते. पन्नासची लेन्स एक मीटरवरून एफ/१.८ वर वापरली, तर फोटोत जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर खोलीचा भाग स्वच्छ येतो. म्हणजे बाळाचा जवळचा डोळा स्वच्छ आणि कान धूसर. थोडी मान वळली की डोळाही निसटतो. एफ/२.८ वर ही खोली चार सेंटिमीटरच्या वर जाते, म्हणून उजेड पुरेसा असेल तेव्हा छिद्र थोडे लहान करावे आणि फोकस नेहमी आपल्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा.

दुकानात "दोन लेन्सचा सेट" म्हणून जो संच दाखवतात, त्यातली दुसरी लांब झूम लेन्स शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत कपाटातच राहते. तिच्या पैशांत एक प्राइम लेन्स सहज येते. तिवई, फिल्टर, मोठी बॅग यांचेही तसेच आहे.

बॉडी

डीएसएलआर कॅमेऱ्यात एक आरसा असतो, तो लेन्समधून आलेली प्रतिमा वर डोळ्याकडे पाठवतो आणि फोटो काढताना उचलला जातो. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो, सेन्सर थेट पडद्यावर चित्र दाखवतो. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्या आता मिररलेसकडे वळल्या आहेत आणि २०२० नंतर त्यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यामुळे लोक आपले डीएसएलआर विकत आहेत आणि मर्यादित बजेटच्या माणसाला चांगले सेकंडहँड कॅमेरे मिळत आहेत. बाळाच्या फोटोंच्या दृष्टीने सात-आठ वर्षे जुना सेन्सर आजही पुरेसा आहे.

मेगापिक्सेलच्या आकड्याकडे लक्ष देण्याची गरज नाही. अल्बममधला चार गुणिले सहा इंचांचा फोटो उत्तम दर्जाने छापायला सव्वादोन मेगापिक्सेलही पुरतात, आणि आठ गुणिले बारा इंचांच्या फ्रेमसाठी नऊ. सोळा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा या कामासाठी कमी पडत नाही.

लक्ष द्यायचे ते फोकसकडे. डीएसएलआरच्या खिडकीत डोळा लावून पाहिले की फोकस झटकन होतो, पण बाळ जमिनीवर असते आणि आपल्याला पोटावर झोपून फोटो घ्यावा लागतो. त्यामुळे मागचा पडदा उघडणारा, फिरणारा असेल आणि पडद्यावरही फोकस वेगाने होत असेल, तर फार फरक पडतो. इथे नवे ते चांगले असा नियम लागू होत नाही. २०१७ सालच्या कॅनन २००डी मध्ये पडद्यावरून वेगवान फोकस करणारा ड्युअल पिक्सेल सेन्सर आणि फिरणारा पडदा आहे. त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या कॅनन १५००डी मध्ये यांपैकी काहीच नाही. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० या बॉडी चांगल्या आहेत, बॅटरी खूप टिकते, पण पडद्यावरून त्यांचा फोकस संथ असतो. मिररलेसमध्ये २०१४ चा सोनी ए६००० अजूनही सेकंडहँड बाजारात दिसतो आणि त्याचा वेग आजही समाधानकारक आहे. थोडे पैसे वाढवता आले, तर २०१९ चा ए६१०० घ्यावा, कारण तो बाळाचा डोळा ओळखून त्याच्या हालचालीमागे फोकस ठेवतो. सतत हलणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना या सोयीचा जितका उपयोग होतो, तितका क्वचितच दुसऱ्या कुणाला होत असेल. कॅननचा २०१८ चा एम५० आणि त्यावर बावीस मिलिमीटर एफ/२ ची लेन्स हीदेखील घरासाठी अतिशय उत्तम जोडी आहे. कॅननने ही एम मालिका आणि तिच्या लेन्स पुढे बंद केल्या, पण ज्याला एक-दोन लेन्सपलीकडे जायचेच नाही त्याने त्याची चिंता करू नये.

दोन बारीक गोष्टी पैसे देण्यापूर्वी लक्षात ठेवाव्यात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, म्हणून त्यांवर मोटर असलेली, म्हणजे एएफ-एस असे लिहिलेली लेन्सच घ्यावी. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त दिसते, पण या बॉडींवर ती हाताने फिरवून फोकस करावी लागते आणि बाळ तेवढे थांबत नाही. कॅननच्या २००डी मार्क २ च्या वरच्या फ्लॅश बसवण्याच्या जागेत मधली पिन नाही, त्यामुळे जुने साधे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत.

चाळीस हजारांची वाटणी मी अशी करेन: बॉडीला बावीस ते पंचवीस हजारांची मर्यादा, प्राइम लेन्सला दहा-बारा हजार, आणि उरलेल्यात एक जास्तीची बॅटरी, दोन मेमरी कार्डे आणि फोटो साठवायला एक हार्ड डिस्क. तीसच हजार असतील तर बॉडी आणखी जुनी घ्यावी, पण लेन्सच्या वाट्याला हात लावू नये.

जुना कॅमेरा पाहताना

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची दुकाने पूर्वीपासून आहेत, आणि इतर शहरांतही लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या ओळखीने चांगली दुकाने सापडतात. दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड आणि एक छोटा टॉर्च न्यावा.

लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च मारून दुसऱ्या टोकाकडून पाहिले की आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते कळते. ते धागे म्हणजे फंगस, आणि कोकणपट्टीतल्या दमट हवेत राहिलेल्या लेन्सांत ते सर्रास आढळते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. धुळीचे चार कण दिसले तर मात्र काळजी नाही, त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. मग अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो घ्यावा. त्यात काळसर ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करून मिळते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. शटर किती वेळा उघडले आहे तो आकडा निकॉनच्या फोटोफाइलमध्येच नोंदलेला असतो आणि संगणकावर वाचता येतो. या वर्गातल्या बॉडींचे शटर साधारण एक लाख फोटोंसाठी तपासलेले असते, म्हणून वीस-तीस हजार फोटोंच्या आत वापरलेला कॅमेरा मिळाला तर उत्तम. मूळ बिल मागावे आणि त्यावरचा क्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. शेवटी दुकानातल्याच एखाद्या माणसाच्या डोळ्यावर फोकस करून मोठ्या छिद्राने दहा-बारा फोटो घ्यावेत आणि ते घरी मोठ्या पडद्यावर पाहून मगच व्यवहार पुरा करावा. जो दुकानदार याला तयार होत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

फ्लॅश, आणि डोळ्यांविषयी एक महत्त्वाची गोष्ट

फ्लॅशमुळे बाळाचे डोळे जातात, अशी भीती घरातली वडीलधारी माणसे हमखास व्यक्त करतात. घरगुती कॅमेऱ्याच्या साध्या फ्लॅशने निरोगी बाळाच्या डोळ्यांना इजा होते असे मानण्यास आधार नाही. तरीही अगदी चेहऱ्यासमोर धरून फ्लॅश मारू नये, कारण बाळ दचकते, आणि समोरून आलेल्या सपाट उजेडात फोटोही वाईट येतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फ्लॅश वापरूच नये. वर मान वळवता येईल असा वेगळा फ्लॅश मिळाला, तर तो छताकडे रोखावा. पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड मऊ होऊन सगळीकडे पसरतो. छत किंवा भिंत पिस्ता रंगाची असेल, तर बाळाचा चेहराही पिस्ता रंगाचा दिसेल हे लक्षात असू द्यावे.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. फ्लॅशच्या फोटोत डोळ्याची बाहुली लाल दिसणे स्वाभाविक आहे, ती डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांची लाली असते. पण वेगवेगळ्या फोटोंत एकाच डोळ्याची बाहुली पांढरी किंवा पिवळसर चमकताना दिसली, तर बाळाला विलंब न करता नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. विशिष्ट कोनातून फोटो घेतल्यास निरोगी डोळ्यातही कधी असे दिसते, परंतु जन्मजात मोतीबिंदू आणि रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्यांचा कर्करोग यांचेही ते लक्षण असू शकते, आणि दोन्हींत लवकर निदान होण्याला फार मोल आहे.

काळे झबले, पांढरे दुपटे

कॅमेरा समोरचे सगळे दृश्य सरासरीने करडे आहे असे गृहीत धरून उजेड ठरवतो. बाळ पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेले असेल तर त्याला दृश्य फार उजळ वाटते आणि तो फोटो काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाच्या सोयीने, जी अधिक-उणे अशा चिन्हाच्या बटणावर असते, उजेड एक घर, म्हणजे दुप्पट, वाढवावा. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान बोरन्हाण होते तेव्हा नेमके उलटे घडते. बाळ काळ्या झबल्यात असते, अंगावर हलव्याचे दागिने असतात, कॅमेरा काळ्या रंगाला करडा करायला जातो आणि चेहरा व हलवा दोन्ही पांढरेफटक होतात. तिथे उजेड अर्धे ते एक घर कमी करावा. त्याच समारंभात बोरे-चुरमुऱ्यांचा वर्षाव होऊन आजूबाजूची मुले वेचायला झेपावतात, म्हणून शटर १/५०० पर्यंत न्यावा, आयएसओ आपोआप ठरू द्यावा आणि त्याची कमाल मर्यादा ६४०० ठेवावी. शक्य असेल तर पाट खिडकीसमोर मांडायला सांगावे. आपल्या मागणीने उजेडाचा प्रश्न फुकटात सुटत असेल, तर नातेवाईक त्याला नाही म्हणत नाहीत. हजार लक्सच्या खिडकीशी आयएसओ १६०० वर किट लेन्सही १/२०० पर्यंत जाते, हे हिशेब करून पाहता येईल.

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे, त्यामुळे हलक्या दर्जाचे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्यांच्या उजेडात वेगवान शटरने घेतलेल्या फोटोंवर कधी आडव्या काळपट पट्ट्या उमटतात. तो कॅमेऱ्याचा बिघाड नसतो. शटर १/१०० वर आणला की पट्ट्या जातात, पण मग हालचाल पुसटते, म्हणून पाळण्याच्या खोलीत दिवा घेताना चांगल्या प्रतीचा घ्यावा.

पावसाळा आणि साठवण

जून ते सप्टेंबर कॅमेरा कपड्यांच्या कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, कारण दोन्हींत ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि जेलचा रंग बदलला की तो गरम करून पुन्हा कोरडा करावा किंवा नवा भरावा. बाळ येण्याच्या धांदलीत कॅमेरा महिनोन्महिने बंद पडून राहतो, आणि बंद अंधाऱ्या जागीच फंगस वाढते. आठवड्यातून एकदा तो बाहेर काढून उजेडात वापरला जाईल असे पाहावे.

फोटो मेमरी कार्डावरच ठेवू नयेत. चोवीस मेगापिक्सेलचा एक जेपीईजी फोटो साधारण दहा एमबीचा असतो. आठवड्याला शंभर फोटो ठेवले तर वर्षाला बावन्न जीबी होतात, म्हणजे एका छोट्या हार्ड डिस्कवर बाळाचे सगळे बालपण मावते. त्या डिस्कची दुसरी प्रत वेगळ्या घरी, आजोळी किंवा काकांकडे ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आकाराने कमी होऊन जातो, त्यामुळे तो साठवणीसाठी धरू नये.

कॅमेरा बाळाच्या जन्मापूर्वी महिनाभर तरी घरी आणावा. रात्री नऊ वाजता, पाळणा जिथे असणार त्या जागी, दुपट्यात गुंडाळलेली उशी ठेवून एकमेकांना ती उचलायला सांगावे आणि शटर १/२५० वर ठेवून फोटो काढत राहावेत. उशी हातातून हातात जाताना स्वच्छ येऊ लागली, की बारशाला कॅमेऱ्याच्या बटणांकडे पाहावे लागत नाही.